वेलिब आणि पॅरिसची बस

फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील सार्वजनिक सायकलसेवा आणि तिच्या जोडीने चालणारी शहर बससेवा. ‘वेलिब’ १५ जुलै २००७ रोजी सुरू झाली. बसची परंपरा त्याहून कितीतरी जुनी, घोड्यांच्या काळापासूनची. दोन्ही सेवांचे चालक, भाडे आणि कारभार वेगवेगळा आहे. तरीही त्यांचा विचार एकत्र करावा लागतो, कारण पॅरिसकर त्या एकत्रच वापरतात. बहुतेकांच्या खिशात एकच नाविगो कार्ड असते. बसच्या दारातल्या यंत्राला तेच लावायचे आणि सायकल सोडवण्यासाठीही तेच.

शहराचा आटोपशीरपणा हे या जोडीच्या यशाचे पहिले कारण होय. पेरिफेरिक या वर्तुळाकार महामार्गाच्या आतले पॅरिस उत्तर-दक्षिण सुमारे साडेनऊ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे अकरा किलोमीटर आहे. बुलोन्य आणि व्हँसेन ही दोन वने धरून क्षेत्रफळ १०५ चौ. किमी. भरते आणि एवढ्यात सुमारे २१ लाख लोक राहतात. घरे, दुकाने, शाळा, कचेऱ्या एकमेकांना लागून असल्याने रोजचे बहुतेक प्रवास दोन-चार किलोमीटरचे असतात. एवढ्या अंतरासाठी भुयारी मेट्रोचे जिने उतरण्या-चढण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात सायकलवाला मुक्कामी पोचलेला असतो.

पूर्वपीठिका : ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात, कोणालाही बसता येईल अशा वाहनाची कल्पना पॅरिसमध्ये प्रथम गणितज्ञ ब्लेझ पास्काल यांनी राबवली. १६६२ साली त्यांच्या पुढाकाराने पाच सोल भाड्याच्या घोडागाड्या सुरू झाल्या. पण सैनिक, हुजरे आणि सेवक यांना त्यांत बसण्यास मज्जाव करण्यात आला आणि काही वर्षांत ही सेवा बंद पडली. स्तानिस्लास बोद्री यांनी १८२६ मध्ये नाँत शहरात आणि १८२८ मध्ये पॅरिसमध्ये ऑम्निबस सुरू केली, तेव्हा ही कल्पना खऱ्या अर्थाने रुजली. शेवटची घोड्यांची ऑम्निबस जानेवारी १९१३ मध्ये धावली, त्यानंतर सगळा कारभार मोटारबसकडे आला.

सार्वजनिक सायकलींची सुरुवात मात्र फ्रान्सबाहेरची. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅममधील प्रोव्हो चळवळीतल्या तरुणांनी, ल्यूड स्खिमेलपेनिंक यांच्या कल्पनेनुसार, काही सायकली पांढऱ्या रंगवून कोणीही वापराव्यात म्हणून रस्त्यावर ठेवल्या. कुलूप नसलेली सायकल रस्त्यावर ठेवणे नियमाविरुद्ध होते, म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. पुढे फ्रान्समधल्या ला रोशेल या बंदराच्या गावात महापौर मिशेल क्रेपो यांच्या काळात, १९७० च्या दशकात, पिवळ्या सायकली आल्या. १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणे टाकून सुटणारी सायकल आणली. यात सायकल कोणी नेली हे कळत नसे, त्यामुळे चोरी आटोक्यात येत नव्हती. १९९८ मध्ये रेन शहराने ओळखकार्डाची सोय केली आणि २००५ मध्ये ल्यों शहराने तीच पद्धत मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखवली. पॅरिसने ल्योंचाच कित्ता गिरवला.

सुरुवात आणि पैशाची व्यवस्था : महापौर बर्त्रां दलानोए यांच्या कारकिर्दीत जे. सी. दको या जाहिरात कंपनीशी दहा वर्षांचा करार झाला. कंपनीने सायकली, स्थानके आणि देखभाल पाहायची, त्या बदल्यात तिला शहरातल्या १,६२८ जाहिरात फलकांचे हक्क मिळाले. पहिल्या दिवशी सुमारे ७५० स्थानकांवर दहा हजारांच्या आसपास सायकली होत्या आणि लवकरच दोन्ही आकडे जवळपास दुप्पट झाले. वर्षाची वर्गणी २९ युरो, दिवसाची एक युरो. दोन स्थानकांतले अंतर सरासरी तीनशे मीटरच्या आसपास ठेवले होते. नगरपालिकेच्या तिजोरीवर थेट बोजा न पडता एवढी सेवा उभी राहिली, याचे तेव्हा जगभर कौतुक झाले. मात्र सेवेचे भवितव्य जाहिरातीच्या बाजाराला बांधले गेले, ही या व्यवस्थेतली उणीव होती आणि ती विसरता कामा नये.

पहिल्या दोन-तीन वर्षांत चोरी आणि मोडतोडीने कहर केला. हजारो सायकली नाहीशा झाल्या, काही सेन नदीत सापडल्या. सुरुवातीच्या ताफ्यातल्या बहुतेक सायकली बदलाव्या लागल्या. योजना गुंडाळली जाईल असे भाकीत अनेकांनी केले. ती टिकली, कारण तोवर लोकांना तिची सवय झाली होती आणि सवय लागलेली सोय काढून घेणे कोणत्याही महापौराला परवडत नाही.

सायकल कशी चालते : साध्या सायकलीचा पहिला अर्धा तास वर्गणीतच धरलेला, पुढे दर वाढत जातो. या नियमावर सगळी सेवा उभी आहे. सायकल भाड्याने घेऊन दिवसभर स्वतःजवळ ठेवणाऱ्याला तो जाचक वाटतो, पण त्यामुळेच एक सायकल दिवसात अनेकांच्या हाताखालून जाते. मधे काम असेल तर सायकल जवळच्या स्थानकात लावून टाकायची आणि निघताना मिळेल ती दुसरी घ्यायची, असा शिरस्ता आहे.

स्थानकाशी आलेला सरावलेला पॅरिसकर थेट कार्ड काढत नाही. आधी रांगेवरून नजर फिरवतो. एखाद्या सायकलीची बैठक उलटी, मागच्या चाकाकडे तोंड करून फिरवलेली असेल तर ती तो सोडून देतो. सायकल नादुरुस्त असल्याची ही खूण लोकांनीच पाडली. कोणत्याही सूचनाफलकावर ती सांगावी लागली नाही. मग टायर दाबून पाहायचा, ब्रेक आवळून पाहायचा, साखळी जागेवर आहे ना हे बघायचे आणि त्यानंतर हँडलवरच्या खोक्याला कार्ड लावून सायकल मागे ओढायची. परत करताना पुढचा भाग खाचेत घट्ट ढकलायचा आणि छोट्या पडद्यावर सायकल जमा झाल्याची खूण येईपर्यंत तिथून हलायचे नाही. घाईत ही खूण न बघता निघून गेलेल्याच्या नावावर सायकल चालूच राहते. हिरव्या सायकली साध्या, निळ्या विजेवर साहाय्य देणाऱ्या. चौदा वर्षांखालील मुलांना सेवा वापरता येत नाही.

सायकल मिळणे ही अर्धीच गोष्ट, ती लावायला रिकामी खाच मिळणे तेवढेच महत्त्वाचे. ऑफिसच्या वेळेत कचेऱ्यांच्या भागातली स्थानके भरून जातात. अर्ध्या तासाची मुदत संपत आलेली असताना खाच शोधत तीन स्थानके पालथी घालणारा माणूस दुसऱ्या दिवशी सायकलीच्या वाटेला जात नाही. म्हणून ट्रक फिरवून भरलेल्या ठिकाणच्या सायकली रिकाम्या ठिकाणी नेल्या जातात. २०१८ नंतरच्या सायकलींना भरलेल्या स्थानकात दोन सायकलींच्या मधे अडकवून ठेवण्याची सोय आहे. सायकलींच्या संख्येच्या जाहिराती होतात, पण सेवा चांगली की वाईट हे ठरते ते या फेरवाटपावर.

चढ-उतार : सेन नदीचा काठ समुद्रसपाटीपासून तीसेक मीटरवर, तर मोंमार्त्रची टेकडी आणि बेलव्हिल-मेनिलमोंताँचा उंचवटा सुमारे १३० मीटरवर आहे. सकाळी उंचावरचे लोक सायकलीने सुसाट खाली येतात. संध्याकाळी बावीस-तेवीस किलोंची सायकल दामटत वर जाण्याची इच्छा फार थोड्यांना होते. परिणामी वरची स्थानके ओस आणि खालची तुडुंब. यावर २००८ मध्ये एक युक्ती काढली गेली. उंचावरच्या सुमारे शंभर स्थानकांत सायकल आणून लावणाऱ्यास पंधरा मिनिटे जादा मिळू लागली. लोकांनी ती मिनिटे आनंदाने घेतली, मात्र चढ पूर्ण जिंकला गेला नाही. विजेच्या सायकलींनी परिस्थिती बरीच सुधारली.

बसची खरी साथ इथे मिळते. मोंपारनासहून निघणारी ९६ क्रमांकाची बस नदी ओलांडून मेनिलमोंताँचा चढ चढते आणि पोर्त दे लिलापर्यंत जाते. सकाळी सायकल, संध्याकाळी ९६, असा दिनक्रम या भागात मुळीच नवलाचा नाही. स्वतःची सायकल असती तर तिला संध्याकाळी खाली सोडून येता आले नसते, आणि बसमध्ये सायकल घेताही येत नाही. जाताना एक साधन आणि येताना दुसरे, ही मोकळीक हा सामायिक सायकलीचा सर्वांत मोठा फायदा आहे. नियोजनाच्या अहवालांत त्याला फार कमी जागा मिळते.

बसचे जाळे : शहराच्या आत साठहून अधिक मार्ग आहेत. दोन अंकी क्रमांक शहरातल्या मार्गांना, तीन अंकी उपनगरांना. जुन्या पद्धतीत पहिला अंक मार्गाचे मूळ सांगत असे : २ म्हणजे सँ लाझार, ३ म्हणजे गार द लेस्त, ४ गार द्यु नोर, ५ रेप्युब्लिक, ८ ल्युक्सांबूर, ९ मोंपारनास. नकाशा न उघडता बस कुठून येते हे माहीतगाराला कळे. २० एप्रिल २०१९ रोजी, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्रथमच, जाळ्याची मोठी फेररचना झाली. त्यामुळे ही खूण काही ठिकाणी पुसट झाली असली, तरी ९६ सारख्या जुन्या मार्गांवर ती शाबूत आहे.

जानेवारी २०२५ मध्ये भाडेरचना सोपी झाली. बस आणि ट्रामचे एक तिकीट तेव्हा दोन युरोचे होते; दीड तासाच्या आत त्यावर दुसरी बस वा ट्राम घेता येते. मात्र याच तिकिटावर मेट्रोत जाता येत नाही, त्यामुळे पाहुण्यांचा गोंधळ होतो. महिन्याचा नाविगो पास असणाऱ्याला ही कटकट नाही. मेट्रो मध्यरात्रीनंतर बंद होते, तेव्हा २००५ पासून नोक्तिलियँ या रात्रबसगाड्या धावतात. सायकल तर चोवीस तास मिळते.

रस्त्यावरची जागा : पॅरिसमध्ये बससाठी राखीव पट्टा प्रथम १९६४ मध्ये, सेनच्या काठावर आखला गेला. २००१ नंतर दलानोए यांनी असे अनेक पट्टे रुंद केले आणि दगडी कठड्याने मोटारींपासून वेगळे केले. साडेचार मीटर रुंदीच्या पट्ट्यांत सायकलस्वारांनाही प्रवेश मिळाला. वाहनचालकांनी तेव्हा प्रचंड ओरड केली. पण वेलिब २००७ मध्ये आली तेव्हा नवख्या सायकलस्वाराला चालवायला निदान काही जागा तयार होती, हे या पट्ट्यांचेच श्रेय. बससोबत चालणे सर्वांना सुखाचे नसते. बस थांब्यावर थांबते, सायकल पुढे जाते, पुन्हा बस मागून येते आणि दोघांनाही त्रास होतो. आन इदाल्गो २०१४ मध्ये महापौर झाल्यानंतर सायकलीसाठी स्वतंत्र मार्ग आखण्यावर भर दिला गेला. मे २०२० मध्ये महासाथीच्या काळात रिव्होली रस्ता खाजगी मोटारींना जवळजवळ बंद करण्यात आला, आणि ऑगस्ट २०२१ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किमी. ही वेगमर्यादा आहे. अनेक चौकांत विशिष्ट पाटी असल्यास सायकलस्वार लाल दिव्यातही, पादचाऱ्यांना वाट देऊन, उजवीकडे वळू शकतो.

२०१८ चा गोंधळ : जे. सी. दकोचा करार संपल्यावर निविदेत स्मोवेंगो या कंपनीसमूहाने बाजी मारली. जुनी स्थानके उखडून तिथेच नवी बसवायची होती आणि १ जानेवारी २०१८ ला सुमारे सहाशे स्थानके सुरू करण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात साठेक सुरू झाली. अनेक स्थानकांना वीजजोडणी मिळाली नव्हती, ती बॅटरीवर चालवली गेली, बॅटऱ्या उतरल्या की सायकली खाचेत अडकून पडत. वसंतात कामगारांचा संप झाला. हजारो वर्गणीदारांनी पैसे परत मागितले. सेवा रुळावर यायला वर्षाहून अधिक काळ गेला. मात्र डिसेंबर २०१९ मध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर मेट्रो आणि बसचे कर्मचारी दीर्घ संपावर गेले तेव्हा याच सायकलींनी शहर चालते ठेवले. आज पॅरिस आणि भोवतालची उपनगरे मिळून चौदाशेच्या वर स्थानके आहेत.

पुण्याचा संदर्भ : एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये औंध आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार येथे सार्वजनिक सायकलींचा प्रयोग झाला. ठरावीक स्थानकांऐवजी मोबाइलवरून कुलूप उघडून कुठेही सोडता येणाऱ्या सायकली होत्या. सुरुवातीचा उत्साह मोठा होता, पण सेवा टिकली नाही. पुण्याला स्वारगेट, डेक्कन, शिवाजीनगर अशी बसची गर्दीची ठिकाणे आहेत आणि बसचे राखीव मार्ग २००६ पासून आहेत. तेव्हा पुढचा प्रयोग करणाऱ्यांनी सायकलींच्या उद्घाटनाआधी तीन गोष्टींचा हिशेब मांडावा : पीएमपी या शहर बससेवेच्या थांब्यापासून चालत पोचता येईल अशी पक्की स्थानके, दोन्हींना चालणारे एकच कार्ड, आणि रात्री सायकली हलवणाऱ्या माणसांच्या पगाराची तरतूद.