हवेमागून इंधन : सुपरचार्ज्ड इंजिनांतील इंधनमापनाचा प्रश्न

सुपरचार्जरचा इतिहास बहुधा हवेच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणी कोणता पंखा कोणत्या इंजिनावर बसविला, हवेचा दाब किती चढला आणि अश्वशक्ती किती वाढली, एवढा हिशेब ग्रंथांतून सापडतो. त्या वाढीव हवेला पुरेल इतके इंधन कोणत्या छिद्रातून व कोणत्या मापाने आले, ही गोष्ट तळटीपेत जाते. वस्तुतः हवा दाबून भरण्याची युक्ती १९२५ पूर्वीच साधली होती. तिच्यामागून नेमके इंधन धाडण्याचे काम मात्र त्यानंतर कित्येक दशके इंजिनकारांना छळीत राहिले. आज एखादा हौशी मनुष्य आपल्या सुपरचार्ज्ड मोटारीसाठी ‘मोठे इंजेक्टर’ निवडावयास बसतो, तेव्हा तोही हाच जुना प्रश्न सोडवीत असतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुर्लक्षित बाजू आहे.

इंग्रजीत या यंत्राला ‘ब्लोअर’ असेही म्हणतात, आणि आपल्या लोहाराचा भाता त्याचा जवळचा नातलग आहे. ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. अमेरिकेतील इंडियाना प्रांतात कॉनर्सव्हिल येथे रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या फिरत्या पंख्याचे पेटंट घेतले, त्या जातीचे पंखे प्रथम ओतशाळांच्या भट्ट्यांना वारा घालीत होते. मोटारीत ते मागाहून आले. भट्टीत भात्याने वारा वाढविला की लोहार कोळसा डोळ्यांनी पाहून घालतो. इंजिनात डोळा नाही. तेथे छिद्राचे मापच डोळ्याचे काम करते.

१९२१ मध्ये मर्सेडिसने बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्ज्ड मोटारी मांडल्या, १९२३ मध्ये माँझा येथे फियाटच्या सुपरचार्ज्ड मोटारीने ग्रां प्री शर्यत जिंकली, आणि १९२४ मध्ये इंडियानापोलिसला ड्यूसेनबर्गने तेच केले. यानंतर पंख्याच्या उपयुक्ततेविषयी वाद उरला नाही. वाद उरला तो कार्बुरेटर पंख्याच्या अलीकडे ठेवावा की पलीकडे, याविषयी. मर्सेडिसने दीर्घकाळ पंख्याची हवा कार्बुरेटरमध्ये फुंकली. दुसऱ्या पद्धतीत पंखा कार्बुरेटरमधून हवा व पेट्रोल एकत्रच ओढून घेतो. तीत एक मोठा लाभ होता : दाबल्यामुळे तापणारी हवा बाष्प होणाऱ्या इंधनाने थंड होई. मर्सेडिसनेही १९३७ मध्ये आपल्या डब्ल्यू १२५ या शर्यतीच्या गाडीसाठी अखेर हीच पद्धत पत्करली. इंधन हे जळण्यासाठी तर असतेच, परंतु सुपरचार्ज्ड इंजिनात ते थंडाव्यासाठीही असते, हा धडा येथे प्रथम स्पष्टपणे दिसतो.

अल्फा रोमिओने तो टोकाला नेला. अवघ्या दीड लिटरच्या १५९ या मोटारीतून १९५१ मध्ये सुमारे ४२० अश्वशक्ती काढली जात होती. इंधन मुख्यतः मिथेनॉल. हे मद्यार्क पेट्रोलच्या दुपटीहून अधिक प्रमाणात घालावे लागते, पण बाष्प होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते. त्यामुळे दट्ट्ये वितळत नसत. किंमत अशी की गाडी एका गॅलनात दोन मैलही धावत नसे. १४ जुलै १९५१ रोजी सिल्व्हरस्टोन येथे सुपरचार्जर नसलेल्या साडेचार लिटरच्या फेरारीतून गोन्झालेसने फँजिओच्या अल्फावर मात केली. या निकालाचे श्रेय गोन्झालेसच्या धाडसाला अवश्य द्यावे. परंतु अल्फाला टाकी भरण्यासाठी किती वेळा थांबावे लागे, याचाही त्यात वाटा होता.

छिद्राच्या मापाचे महत्त्व याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण मोटारीचे नसून विमानाचे आहे. १९४० च्या हवाई युद्धात जर्मन मेसरश्मिट १०९ च्या डेमलर-बेन्झ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई, तर स्पिटफायर व हरिकेन यांच्या मर्लिन इंजिनात तरंगत्या गोळ्याचा कार्बुरेटर होता. जर्मन वैमानिक नाक एकदम खाली करून सूर मारी. तसे करताच मर्लिनचे पेट्रोल पात्राच्या माथ्याकडे फेकले जाई. प्रथम इंजिन क्षणभर उपाशी राही. मागोमाग इंधनाची झडप सताड उघडून ते पेट्रोलने गुदमरे, आणि हा दुसरा झटका अधिक घातक असे. वैमानिकाला आधी विमान कुशीवर उलटवून मगच पाठलाग करावा लागे; तेवढ्यात शत्रू निसटे.

कार्बुरेटर सोडून द्यावा असे येथे कोणालाही वाटेल. परंतु रोल्स-रॉइसच्या तंत्रज्ञांनी तो निष्काळजीपणाने ठेवला नव्हता. पंख्यापूर्वी बाष्प होणाऱ्या पेट्रोलचा थंडावा त्यांना गमवावयाचा नव्हता. तोड काढली ती फार्नबरो येथील संशोधनसंस्थेतील बिआट्रिस शिलिंग या अभियंतीने. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर मोटारसायकलने ताशी शंभर मैलांहून अधिक वेग गाठून त्या पूर्वीच प्रसिद्धीस आल्या होत्या. इंधनाच्या वाटेत छिद्र पाडलेला धातूचा एक लहानसा तुकडा बसवावा, एवढीच त्यांची सूचना. मात्र ते छिद्र अंदाजाने पाडलेले नव्हते. पूर्ण शक्तीवर इंजिनाला जास्तीत जास्त जितके पेट्रोल लागते, तितकेच त्यातून जाई, थेंबभरही अधिक नाही. त्यामुळे गुदमरणे थांबले. क्षणभराचे उपाशी राहणे तेवढे शिल्लक राहिले. १९४१ च्या प्रारंभी त्या लहानशा तुकडीसह तळोतळी जाऊन हे तुकडे बसवीत होत्या. पंख्याचा दाब वाढविलेल्या इंजिनांना निराळ्या मापाचे छिद्र लागे. हवा वाढली की छिद्र वाढले पाहिजे, पण हवेच्या प्रमाणातच : आजच्या इंजेक्टर-निवडीचे अर्धे गणित येथे आले.

उरलेले अर्धे विजेबरोबर आले. १९५८ मध्ये क्रायस्लरने बेन्डिक्सची विद्युत्-नियंत्रित फवारणी थोड्याच गाड्यांत घातली. ती टिकली नाही. १९६७ मध्ये बॉशने फोक्सवॅगन १६०० साठी दिलेली पद्धती मात्र रुजली. आता छिद्र कायमचे उघडे नव्हते. विद्युच्चुंबकाने झडप उघडावयाची आणि इंधन मोजावयाचे ते झडप उघडी राहण्याच्या कालाने. मापाला काल ही दुसरी मिती मिळाली, आणि तिच्याबरोबर एक खालची मर्यादाही आली.

वरची मर्यादा साध्या हिशेबाने कळते. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाला एका अश्वशक्तीमागे ताशी सुमारे अर्धा पौंड पेट्रोल लागते. सुपरचार्ज्ड इंजिनाला ०.६ पौंड धरावे, कारण पंखा फिरविण्यात काही शक्ती खर्च होते व थंडाव्यासाठी मिश्रणही गडद ठेवावे लागते. इंजेक्टर शेकडा ८० हून अधिक काळ उघडा राहू नये. १९८७ च्या फोर्ड मस्टँगच्या पाच लिटर इंजिनाची शक्ती २२५. आठ इंजेक्टरांत वाटल्यास प्रत्येकी साडेसतरा पौंड येतात, आणि कारखान्याने १९ पौंडी घातले होते. २००३ च्या सुपरचार्ज्ड कोब्राची शक्ती ३९०. हिशेबाने साडेछत्तीस, प्रत्यक्षात ३९. याच कोब्रावर लहान पुली बसवून पंखा अधिक वेगाने फिरवावा व ६०० अश्वशक्तीची आकांक्षा धरावी, तर सव्वाछप्पन्न पौंड लागतात; म्हणजे ६० पौंडी इंजेक्टर हवा. तो न बदलता केवळ इंधनाचा दाब वाढवून भागविता येईल काय? प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. ३९ चे ६० करण्यास दाब २.३७ पट करावा लागेल, आणि पंप तेथवर तग धरीत नाही. शिवाय इंजेक्टरच्या तोंडाशी पंख्याचा दाब उलट ढकलीत असतो. ४० पौंडांच्या इंधनदाबापुढे १० पौंडांचा हवेचा दाब उभा राहिला आणि नियामकाने त्याची भरपाई केली नाही, तर नेमक्या गरजेच्या क्षणी प्रवाह सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. मिश्रण विरळ होते, अकाली स्फोट होतात आणि दट्ट्याला भोक पडते.

मग सर्वांत मोठा इंजेक्टरच घ्यावा, असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. मला तो मान्य नाही. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर इंजिनाचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचे असते. त्यातील १६ झडप उघडी राहू शकते. गाडी उभी असताना मात्र काही थेंबच हवे असतात. १९ पौंडीच्या जागी ६० पौंडी बसविला, तर तेच थेंब पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी काळात पडले पाहिजेत. आणि झडप उघडण्यातच सुमारे एक सहस्रांश जातो, बॅटरीचा दाब उतरला तर अधिकच. एवढ्या अल्प काळात ती नीट उघडलेली नसते, मिटलेलीही नसते. थेंब प्रत्येक खेपेस निराळा पडतो.

याहून गंभीर चूक मस्टँगच्या शौकिनांत एके काळी रूढ होती. १९८९ पासून त्या गाड्यांत हवामापक असे व त्याच्या संकेतावरून संगणक इंधनाचा काल ठरवी. मोठे इंजेक्टर घातल्यावर संगणकाची आज्ञावली बदलण्याऐवजी हवा कमी सांगणारा मापक विकत मिळे : हवा कमी सांगितली की काल कमी होतो व इंधन बरोबर पडते. भाषेच्या अभ्यासकाला ही युक्ती विशेष वाटते. एका वाक्यासाठी शब्दाचा अर्थ बदलला, पण तोच शब्द संगणकाच्या दुसऱ्या वाक्यातही येत होता. ठिणगी केव्हा पाडावयाची हेही तो हवेच्या त्याच आकड्यावरून ठरवी. भार हलका आहे असे समजून तो ठिणगी लवकर पाडी, आणि हे घडे पंखा पूर्ण दाबाने हवा भरीत असतानाच. इंधनाचा हिशेब जुळूनही दट्टे फुटत.

पुढे संगणकाची आज्ञावलीच बदलता येऊ लागली, तेव्हा मापकाकडून खोटे वदविण्याची गरज उरली नाही. इंजेक्टरवरचा ‘६०’ हा आकडा मात्र अजूनही एकटाच छापला जातो. तो कोणत्या दाबाखाली मोजला आणि झडप उघडण्यास किती विलंब लागतो, हे विक्रेत्याला निराळे विचारावे लागते.