स्थिर कवळी की काढती कवळी? दंतरोपण आणि जीवनमान : एक ऐतिहासिक आढावा

उपचाराचे यश कोणी ठरवावे, चिकित्सकाने की रुग्णाने, हा प्रश्न दंतवैद्यकाच्या इतिहासात उशिरा विचारला गेला. दंतरोपणाधारित कवळीच्या संदर्भात तो कसा पुढे आला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाल्याचे आढळले. १९६५ साली त्यांनी योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमची रोपणे बसविली. २००६ साली लार्सन यांचे निधन होईपर्यंत ती टिकून होती. रोपणांवर स्क्रूने पक्की केलेली, रुग्णाला स्वतः काढता न येणारी कवळी हे या पद्धतीचे मूळ रूप होते. १९८२ च्या टोरोंटो परिषदेनंतर तिचा उत्तर अमेरिकेत प्रसार झाला. १९८६ साली आल्ब्रेक्टसन व सहकाऱ्यांनी यशाचे निकष मांडले. रोपण हलू नये, भोवतालचे हाड मर्यादेबाहेर झिजू नये, वेदना वा संसर्ग राहू नये, असे त्यांचे स्वरूप होते. कवळीविषयी रुग्णाचे समाधान त्यांत नव्हते.

१९९४ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी स्लेड व स्पेन्सर यांनी मुखस्वास्थ्याचा जीवनावरील परिणाम मोजणारी ४९ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जोसलिन फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कॅनडातील अभ्यास प्रकाशित झाला. त्यात १५ रुग्णांनी दोन्ही प्रकारच्या कवळ्या आळीपाळीने वापरल्या. स्थिर कवळीच सर्वांना हवी असेल, ही अपेक्षा फोल ठरली; जवळपास निम्म्या रुग्णांनी काढती कवळी निवडली. स्थिर कवळी निवडणाऱ्यांना स्थैर्य व चर्वणक्षमता महत्त्वाची वाटली, तर काढती निवडणाऱ्यांना स्वच्छतेची सुलभता. हातांची हालचाल मंदावलेल्या वृद्धाला कवळी काढून धुता येणे किती मोलाचे असते, हे लक्षात घेता ही निवड सयुक्तिकच म्हणावी लागेल.

२००२ साली मॅकगिल विद्यापीठातील सहमती-निवेदनाने दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन रोपणांवरील काढती कवळी हा प्रथम पसंतीचा उपचार मानला. अर्थात ही तुलना साध्या कवळीशी होती, स्थिर कवळीशी नव्हे. तथापि काढती कवळी म्हणजे केवळ दुय्यम तडजोड, ही समजूत त्यामुळे दुबळी झाली.

सारांश, अधिक रोपणे व अधिक खर्च म्हणजे अधिक चांगले जीवन, असे समीकरण मांडता येत नाही. रोपण हाडात रुजले की नाही, हे क्ष-किरण चित्र दाखवू शकते. त्यामुळे जगणे सुकर झाले की नाही, हे मात्र रुग्णालाच विचारावे लागते.