कोचीचे मठमंदिर व वसईचे मठमंदिर

भग्न देवालय दिसले की जेत्याची असहिष्णुता आणि शाबूत दिसले की त्याची उदारता, असे अनुमान आपण सहज काढतो. कोचीचे सेंट फ्रान्सिस चर्च या अनुमानाविषयी शंका उत्पन्न करते. फ्रान्सिस्कन संन्याशांनी आरंभी लाकडाचे बांधलेले हे मठमंदिर १५१६ मध्ये विटाचुन्याचे झाले. १५२४ मध्ये वास्को द गामाचे दफन येथेच झाले. १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या. १६६३ मध्ये कोची जिंकणाऱ्या डचांनी कॅथलिक संन्याशांना हाकलले. परंतु हे मंदिर आपल्या प्रॉटेस्टंट उपासनेसाठी राखले. सांता क्रूझ कॅथेड्रलाचे मात्र त्यांनी शस्त्रागार केले; ते पुढे इंग्रजांनी पाडले. सेंट फ्रान्सिस १८०४ मध्ये अँग्लिकनांकडे आले व १९४७ पासून दक्षिण भारत चर्चच्या उपासकमंडळाचे आहे.

याउलट वसईच्या किल्ल्यातील फ्रान्सिस्कन मठमंदिर पाहावे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तेथील पोर्तुगीज वस्ती उठली आणि मंदिराला नवा उपासकवर्ग लाभला नाही. आज तेथे छप्पर नाही. जमिनीत थडग्यांच्या कोरीव शिळा तेवढ्या आहेत.

तेव्हा कोचीची वास्तू टिकली ती डचांच्या सहिष्णुतेमुळे नव्हे, गरजेमुळे. वास्तूवरून जेत्याचे शील ठरविण्यापूर्वी, तिचा उपयोग करणारे कोणी उरले होते काय, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावा.