‘नूतन’ : एक तळटीप

* मूळ मजकुरात नुसतेच ‘नूतन’ येते, ते गुलबर्ग्याचे (आताचे कलबुर्गी) नूतन विद्यालय. स्थापना १९०७. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. पुढे १९२०च्या दशकात खासगी शाळा काढायलाही सरकारची आगाऊ परवानगी लागू लागली. अशा काळात मराठी-कानडी घरांतल्या मुलांसाठी ही शाळा टिकवून धरणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासात त्याची नोंद फार त्रोटक होते, याची खंत वाटते.

लेखकाने दाखल्यावरून उतरवलेली साले निजामाच्या राज्यातल्या फसली सनाची आहेत. आजूर, बहमन, खुर्दाद ही महिन्यांची नावेही त्याच कालगणनेतली. इसवी सनासाठी ५९० किंवा ५९१ मिळवावेत: १३३१ फसली म्हणजे १९२१-२२.

‘आमच्या बीदर जिल्ह्यात’ असे म्हणताना लेखक उदगीर-निलंगाही धरतो. १ नोव्हेंबर १९५६ला हे तालुके मुंबई राज्यात आणि भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. मजकूर त्याआधीच्या दिवसांचा असल्याने तो उल्लेख तसाच ठेवला आहे. — संपा.