परसबागेतील नवे प्रयोग : पाणी, हंगाम आणि वाण यांचा मेळ

घरामागील मोकळ्या जागेत, गॅलरीत किंवा गच्चीवर भाजीपाला पिकविणाऱ्या कुटुंबांना आता मेथी, पालक, वांगी या ओळखीच्या भाज्यांपलीकडील पिके खुणावू लागली आहेत. ब्रोकोली, लेट्यूस, झुकिनी, चेरी टोमॅटो यांचे बियाणे सहज मिळते. मडका सिंचन, मातीविना शेती अशा पद्धतींची माहितीही घरबसल्या उपलब्ध होते. मात्र पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या हवेत यशस्वी ठरलेला प्रयोग मराठवाड्याच्या उन्हात तसाच यशस्वी होईल असे नाही. छत्रपती संभाजीनगरात परसबागेचा प्रत्येक नवा प्रयोग अखेरीस पाण्याच्या हिशेबावर येऊन ठेपतो.

पाण्याचा जुना प्रश्न

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली, तेव्हापासून या शहराची वाढ पाण्याच्या सोयीशी जोडलेली आहे. त्याने उभारलेल्या नहर-ए-अंबरीने जमिनीखालून पाणी शहरात आणले. आज शहराची तहान मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणातून भागते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान ७०० मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांच्या दुष्काळाने मराठवाड्याला पाण्याची किंमत पुन्हा दाखवून दिली. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणे हा येथील अनेक वसाहतींचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

म्हणून बियाणे आणण्यापूर्वी साधे गणित करावे. पंधरा लिटरच्या कुंडीतील फळभाजीच्या रोपाला हिवाळ्यात दिवसाला सुमारे एक लिटर पाणी धरले, तर २० कुंड्यांना आठवड्याला १४० लिटर पाणी लागेल. दोनशे लिटरच्या पिंपात ते बसते. मे महिन्यात हीच गरज दुप्पट धरल्यास २८० लिटर होते, म्हणजे पिंप अपुरे पडते. अशा वेळी कुंड्या निम्म्या करणे, आच्छादन घालणे आणि ५० टक्के सावलीचे शेडनेट बांधणे हे उपाय उरतात.

भाज्या, तांदूळ व डाळी धुतलेले पाणी झाडांना निर्धोकपणे देता येते. साबणाचे किंवा भांडी घासलेले पाणी टाळावे. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते साध्या पाण्यात मिसळूनच आणि अधूनमधून वापरावे, अन्यथा कुंडीच्या मातीवर पांढरा थर साचतो व पानांच्या कडा करपतात.

मडका सिंचन

कमी पाण्यात भागविणाऱ्या पद्धतींपैकी सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे मडका सिंचन. चीनमध्ये इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील कृषिग्रंथात तिचे वर्णन आढळते. न रंगविलेले, भाजलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत वाफ्यात पुरावे, पाण्याने भरावे व तोंडावर झाकण ठेवावे. भोवतालची माती कोरडी होऊ लागली की मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते आणि माती ओली असली की झिरपणे मंदावते. भोवती लावलेल्या टोमॅटो, काकडी किंवा दोडक्याची मुळे मडक्याकडे वळतात. बोअरच्या जड पाण्याने छिद्रे बुजतात. त्यामुळे हंगामाच्या शेवटी मडके काढून, भिजवून, काथ्याने घासून घ्यावे.

गच्चीवर माती किती?

ओल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १,६०० ते २,००० किलो असते. ये-जा असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलो इतका भार गृहीत धरतात. सहा इंच जाडीचा ओल्या मातीचा सलग वाफा चौरस मीटरला जवळपास २७० किलोपर्यंत जातो. साहजिकच गच्चीवर मातीचे सलग वाफे करू नयेत. कुंड्या तुळई व भिंतींच्या रेषेवर ठेवाव्यात आणि जुन्या इमारतीत स्थापत्य अभियंत्याचा सल्ला आधी घ्यावा.

मातीचे प्रमाण कमी करण्याचा मार्ग महाराष्ट्रातच रुळला आहे. मुंबईतील डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे, कंपोस्ट आणि थोडी माती वापरून गच्चीवरील शेतीची पद्धत लोकप्रिय केली. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’नेही काडीकचऱ्यापासून सुपीक माती घडविण्यावर भर दिला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली.

संभाजीनगरात उन्हाळ्यात रसवंतीगृहांवर चिपाडे मुबलक असतात. ती बारीक तोडून वापरावीत. मात्र कच्ची चिपाडे कुजताना मातीतील नत्र ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात. त्यासाठी ती शेणकाला किंवा जीवामृत शिंपडून दोन-तीन महिने आधी कुजू द्यावीत.

कचऱ्यातून खत

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव येथे कचरा टाकण्यास परिसरातील ग्रामस्थांनी विरोध केला. पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. शहराने अनुभवलेल्या त्या कचराकोंडीने ओला कचरा घरातच जिरविण्याचे महत्त्व अधोरेखित केले. छिद्रे पाडलेल्या बादलीत एक थर ओला कचरा व त्यावर एक थर वाळलेला पाला असे भरत जावे. मिश्रण मुठीत दाबल्यावर ओलसर लागावे, पाणी गळू नये. दुर्गंधी आल्यास कोरडा पाला वाढवावा. साधारण दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते.

या भागातील काळी माती चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असते. तीत लोह असूनही रोपांना मिळत नाही. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसणे हे त्याचे लक्षण होय. नियमित कंपोस्ट वापरल्यास ही अडचण बरीच कमी होते.

कोणते पीक केव्हा?

ब्रोकोलीचा गड्डा १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात चांगला भरतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये रोपे टाकून चार-पाच आठवड्यांनी लावल्यास गड्डे थंडीत येतात. उशीर झाल्यास फेब्रुवारीच्या उन्हाने फुले सुटतात. लेट्यूसचे बी ३० अंशांपुढे नीट उगवत नाही व उष्णतेत पाने कडू होतात. म्हणून ते नोव्हेंबर ते जानेवारीपुरतेच मर्यादित ठेवावे.

झुकिनी वेल न पसरता झुडपासारखी वाढते आणि दीड-दोन महिन्यांत फळे देते. तिची नर व मादी फुले वेगळी असतात. मधमाश्या कमी असलेल्या उंच इमारतीत सकाळी नर फुलातील पराग मादी फुलावर हाताने लावावे लागतात. टोमॅटो व ढोबळी मिरचीची फुले दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेल्यास गळतात. एप्रिल-मेमध्ये फळ धरले नाही म्हणून खत वाढविण्यात अर्थ नसतो.

उन्हाळ्यात तांदुळजा, घोळ, गवार, चवळी या देशी भाज्याच अधिक भरवशाच्या ठरतात. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘परभणी क्रांती’ हा सुधारित वाण घरीच बी धरण्यास उपयुक्त आहे. हळद्या रोगाला तो मुळात प्रतिकारक असला तरी आता त्यावर पूर्ण विसंबू नये आणि रोग पसरविणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. शेवग्याचा ‘पीकेएम-१’ हा तमिळनाडूतील वाण लवकर शेंगा देतो. तो छाटून ठेंगणा ठेवता येतो.

मातीविना शेती करून पाहायची असल्यास वीज व पंप न लागणारी ‘क्रॅटकी’ पद्धत निवडावी. झाकणबंद, अपारदर्शक डब्यातील पोषक द्रावणावर लेट्यूसचे रोप अधांतरी ठेवतात. द्रावण कमी होत जाते तशी वरची मुळे हवेत राहतात. उन्हाळ्यात द्रावण तापून मुळे सडतात, त्यामुळे येथे ही पद्धत हिवाळ्यातच करावी.

प्रयोगाची शिस्त

एका वेळी एकच बदल करावा. नवे खत, नवे वाण आणि नवी कुंडी एकदम वापरल्यास यश कशाचे, हे कळत नाही. नव्या पद्धतीच्या तीन कुंड्यांशेजारी जुन्या पद्धतीच्या तीन कुंड्या ठेवाव्यात. पेरणीची तारीख, दिलेले पाणी, आलेली कीड व तोडलेली भाजी वहीत नोंदवावी. एकूण जागेपैकी एक चतुर्थांशाहून अधिक जागा नव्या पिकाला देऊ नये, म्हणजे प्रयोग फसला तरी घरची भाजी थांबत नाही.

किडीसाठी एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी.

संकरित वाणाचे बी पुन्हा पेरल्यास पुढील पिढीत गुण सारखे उतरत नाहीत. बी जपायचे असेल तर देशी किंवा सुधारित सरळ वाण घ्यावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक याच तत्त्वावर उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. निरोगी झाडावरील पहिल्या चांगल्या फळांपैकी एक-दोन बियाण्यासाठी राखावीत, बी सावलीत वाळवावे व राख लावून नाव आणि वर्ष लिहिलेल्या डबीत ठेवावे. मराठवाड्याच्या उन्हात आणि आपल्या गच्चीवरील पाण्यात टिकलेले हे बी पुढील हंगामातील प्रयोगाला अधिक भरवशाचे ठरते.