नेत्रहानी आणि मुद्रा : ललिता पवार यांचे उदाहरण

शस्त्रक्रियेने डोळा काढावा लागो वा आघाताने त्याचे रूप बिघडो, दुःख दुहेरी असते. स्वतःची दृष्टी उणावते आणि लोकांची नजर बदलते. एकाक्ष मनुष्याविषयीचा किंतु आपल्याकडे जुना आहे. वामनकथेत डोळा गमावलेले शुक्राचार्य मराठी वाक्प्रचारात 'झारीतील' विघ्नकर्ते म्हणूनच उरले.

येवले येथे १९१६ साली जन्मलेल्या ललिता पवार या नायिका म्हणून प्रसिद्ध होत्या. १९४२ साली चित्रीकरणात सहकलाकाराची चपराक जोराने बसून त्यांच्या चेहऱ्यास अर्धांगवायू झाला. सुमारे तीन वर्षांच्या उपचारांनंतरही डाव्या डोळ्यात व्यंग राहिले. नायिकापद गेले, पुढे खाष्ट सासूच्या भूमिका वाट्यास आल्या.

व्यंगच वरदान ठरले, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो अपुरा आहे. 'अनाडी'तील (१९५९) वत्सल मिसेस डिसा आणि दूरदर्शनच्या 'रामायणा'तील (१९८७) कुटिल मंथरा, दोघींचा डोळा तोच होता. पहिल्या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक लाभले. गेलेले रूप परतले नाही. परंतु त्या डोळ्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार त्यांनी प्रेक्षकांच्या पूर्वग्रहाकडून अभिनयाच्या बळावर परत घेतला.