अर्ध्या चिप्सचा पुरावा

‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक १९८२ साली ब्रिटनमध्ये आला. ४८ केच्या नमुन्याची किंमत १७५ पौंड. एवढा स्वस्त कसा, याचे एक उत्तर मला त्याच्या मेमरीत दिसते. वरच्या ३२ केसाठी बसवलेल्या आठ चिप्स मुळात ६४ किलोबिटच्या. पण अर्धा भाग सदोष ठरल्याने निम्म्या क्षमतेच्या म्हणून विकलेल्या. कोणता अर्धा वापरायचा, हे बोर्डावरची एक जोडतार ठरवी. आज त्या दुर्मीळ झाल्याने दुरुस्तीत पूर्ण क्षमतेची ४१६४ चिप बसवतात. संगणक चालू होतो, पण काटकसरीचा पुरावा जातो. म्हणून काढलेल्या चिप्स, बंद पडलेल्या असल्या तरी, संगणकासोबतच जपाव्यात असे मला वाटते.